फिडलचा मास्तर निवडताना आधी त्याचा उजवा हात बघा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत, मिलटाऊन माल्बे म्हणून एवढंसं गाव आहे. एरवी तिथं कोण जातंय, पण जुलै लागला की गावात पाय ठेवायला जागा नसते, कारण विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. विली क्लॅन्सी हा त्याच गावचा पाइपवादक, म्हणजे आयरिश बॅगपाइप वाजवणारा. तो १९७३ च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या दोस्तमंडळींनी ही शाळा चालू केली, ती अजून चालू आहे. सकाळी वर्ग, दुपारी व्याख्यानं-मैफली, रात्री पबात सेशन (सगळ्यांनी मिळून वाजवायची बैठक), असा आठवडाभर कार्यक्रम. अशाच शाळा लीट्रिममध्ये ड्रमशँबोला आणि स्लायगोत टबरकरीला भरतात, आणि डोनेगलमध्ये ग्लेनकोलमकिलला ऑगस्टच्या सुरुवातीला तर खास फिडलचीच असते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, लोकसंगीतात त्याला तसं म्हणतात.

तर आता डब्लिन, लंडन, न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत व्हायोलिन वाजवणारी मंडळी बरीच आहेत, कुणी इकडे येऊन नव्याने शिकलंय, कुणी पुण्या-मुंबईत शास्त्रीय शिकून आलंय, आणि यातल्या कुणाला तरी आयरिश संगीताचा नाद लागला की पुढचा प्रश्न ठरलेला: वर्कशॉपला नाव घालतोय पण फिडलला एवढे टीचर दिसतायत, बसू कुणाकडे? बहुतेक लोक यादीत ओळखीचं नाव शोधतात, ज्याचे अल्बम ऐकलेत त्याच्या वर्गात घुसायला बघतात. मला विचाराल तर नाव शेवटी बघा. ट्यून काय, आज कुठेही मिळते, रेकॉर्डिंग आहेत, यूट्यूब आहे, डब्लिनला मेरियन स्क्वेअरमध्ये आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्ह आहे (स्थापना १९८७), त्यांचं कितीतरी ऑनलाइन फुकट ऐकायला मिळतं. डावी बोटं पण थोडीफार कानाने कळतात. पण बो (गज) कुठे वळला, कुठले सूर एका ओढीत घेतले, जोर मनगटातून आला का कोपरातून, हे रेकॉर्डिंगमधून नीट कळत नाही, व्हिडिओत अर्धवट कळतं, आणि आयरिश फिडलचा सगळा जीव तिथंच आहे. म्हणजे आठवडाभर ज्याच्यासमोर बसायचंय त्याचा उजवा हात तुम्हाला हवाय का, हा खरा प्रश्न. खालचं सगळं त्याच धाग्याने वाचा.

घरूनच करायचं: आपण नक्की कुठे आहोत ते बघा

फॉर्मवर बिगिनर, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड असे रकाने असतात आणि तिथेच निम्म्या लोकांची गल्लत होते. पाश्चात्त्य क्लासिकलच्या परीक्षा दिलेला माणूस बिनधास्त अ‍ॅडव्हान्स्डवर टिक करतो, आणि पहिल्या सकाळी कळतं की वर्गात कागद नाही, नोटेशन नाही, टीचर दोन बार (मात्रांचे छोटे गट) वाजवणार आणि तुम्ही लगेच मागून वाजवायचे. इथे लेव्हल म्हणजे तुम्ही किती अवघड वाजवता ते नंतर, आधी कानाने किती पटकन उचलता ते.

टेस्ट सोपी आहे. एक न ऐकलेली जिग (रीलसारखाच नाचाच्या ट्यूनचा एक प्रकार) घ्या, सावकाश वाजवलेली, आणि कागद-पेन न घेता पहिला भाग बसवून बघा. आयरिश ट्यून बहुतेक ८ बारचा पहिला भाग, ८ बारचा दुसरा, प्रत्येक दोनदा, असं मिळून ३२ बारची असते. अर्ध्या तासात ते पहिले ८ बार अडखळत का होईना हातात आले तर इंटरमीडिएट लिहा. येत नसतील तर बिगिनर, भले तुम्ही मोझार्ट वाजवत असाल. आणि अ‍ॅडव्हान्स्ड कुणी लिहावं? ज्याला पाठ असलेल्या पंचवीस-तीस ट्यून आहेत, आणि रील सेशनच्या वेगात, म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके आणि एका ठोक्यात चार सूर, अंग न आवळता वाजवता येते. शंका असेल तर खालची लेव्हल घ्या, कारण खालच्या वर्गात तुम्हाला बो बघायला फुरसत मिळते, वरच्या वर्गात सगळा जीव सूर पकडण्यातच जातो.

मग स्टाइल ठरवा, माणूस नंतर

आयर्लंड केवढासा देश, पण फिडलच्या बाबतीत दर पन्नास-शंभर मैलांवर हात बदलतो. आपल्याकडे ग्वाल्हेर, किराणा, जयपूर असं जसं ऐकणाऱ्याला लगेच कळतं तसंच. आता रेडिओ-इंटरनेटमुळे सरमिसळ झालीय, आजचे पुष्कळ वादक चार ठिकाणचं उचलून वाजवतात, तरी टीचर कुठल्या मुशीतला ते माहीत असलं की त्याच्या वर्गात काय मिळेल याचा अंदाज येतो.

डोनेगल, म्हणजे वायव्येचा कोपरा. स्कॉटलंड जवळ, त्यामुळे तिकडच्या चाली भरपूर, स्ट्रॅथस्पे, हायलँड वगैरे नाचाचे प्रकार. बो बघाल तर सुराला एक ओढ, सुराला एक ओढ, असा छोटा छोटा तुटक आणि जोरकस, आणि बोने मारलेल्या ट्रिपलेटची (झटकन तीन सूर) नुसती फवारणी. जॉन डोहर्टी (मृत्यू १९८०) हे यातलं मोठं नाव, पत्र्याची भांडी बनवत गावोगाव फिरणाऱ्या घराण्यातला माणूस. मनगट मोकळं करायचं असेल तर डोनेगलचा टीचर धरा, दोन दिवस हात दुखेल पण फरक पडतो.

स्लायगोची स्टाइल सगळ्यात जास्त पसरली, त्याचं कारण न्यूयॉर्क. मायकल कोलमन (१८९१-१९४५), जेम्स मॉरिसन, पॅडी किलोरन हे तिघं तिकडे गेले, १९२० आणि ३० च्या दशकांत त्यांच्या तबकड्या निघाल्या, त्या परत आयर्लंडला आल्या आणि घरोघरी लोक त्यांच्यासारखं वाजवायला लागले. लांब ओढीत दोन-तीन सूर, मध्येच सुटा सूर, डाव्या बोटांचे रोल (एका सुराभोवती झटपट फिरणारी नक्षी) भरपूर, सगळं चमकदार आणि उसळतं. इथे बोचा हिशोब पक्का असतो पण पटकन दिसत नाही, त्यामुळे समजावून सांगणारा टीचर मिळाला तरच फायदा.

पूर्व क्लेअर त्याच्या उलट, लय जरा निवांत, सूर थोडा उदास, खालून घसरत येणारा. मार्टिन हेझ तिथला, माहेरा गावचा, त्याचे वडील पी. जो हेझ ‘टला केली बँड’ या नाचासाठी वाजवणाऱ्या बँडचे. आपल्याकडच्या लोकांना ही स्टाइल पहिल्या फटक्यात आवडते, कारण मींडेची सवय असलेल्या कानाला ते घसरणं घरचं वाटतं. पश्चिम क्लेअर म्हणजे मिलटाऊनचा स्वतःचाच भाग, ज्युनिअर क्रेहन (१९०८-१९९८), बॉबी केसी ही तिथली माणसं.

आणि कॉर्क-केरीच्या सीमेवरचं श्लीव लुआक्रा. इथे पोल्का आणि स्लाइड या प्रकारच्या ट्यून, सगळं नाचासाठी, बोचा झोका जोरात आणि मोकळी तार सोबत लावून वाजवायची सवय. पॉड्रिग ओकीफ (१८८७-१९६३) हा शाळामास्तर, नोकरी सुटली तशी डोंगरदऱ्यांतून पायपीट करत घरोघरी फिडल शिकवायला लागला. त्याने स्वतःची लिपी काढली होती, चार तारांसाठी चार रकाने, त्यात बोटांचे आकडे. डेनिस मर्फी आणि ज्यूलिया क्लिफर्ड ही भावंडं त्याचेच शागीर्द. अगदी नवख्याने या भागातला टीचर घ्यावा असं माझं मत, पोल्काची ट्यून सोपी असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी लक्ष बोवर जातं.

प्रत्येक स्टाइलचं थोडं थोडं ऐका, रोज एकच, आठवडाभर. ज्यावर पाय आपोआप हलायला लागेल ती निवडा. इथे फार विद्वत्ता लागत नाही.

यादी आली की काय बघायचं

टीचरांची नावं जाहीर झाली की स्टेजवरचे व्हिडिओ बाजूला ठेवा आणि शिकवतानाचे शोधा. ऑनलाइन धड्यांचे नमुने बहुतेकांचे कुठेतरी असतात. त्यात तीनच गोष्टी बघा: सावकाश वाजवताना पण लय झुलते का (पुष्कळ चांगले वादक स्लो केलं की सपाट वाजवतात, मग तुम्हीही सपाटच शिकता), बोची दिशा तोंडाने सांगतो का, आणि कॅमेऱ्यात उजवा हात पूर्ण दिसेल असा बसलाय का. तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण ज्याला शिकवायची खोड आहे तो आपसूक असा बसतो.

मग आयोजकांना एक मेल टाका, लाजू नका, रोज असे मेल येतात त्यांना. विचारायचं ते हे: वर्गात साधारण किती जण असतात, लेव्हल कोण ठरवतं, टीचर आपण निवडायचा का ते वाटून देतात, पहिल्या दिवसानंतर वर्ग बदलता येतो का, मोबाइलवर रेकॉर्ड करू देतात का. प्रत्येक शाळेचे नियम वेगळे, त्यामुळे एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे लावू नका. राहायचं मात्र आधी बुक करा, टीचर नंतर बदलेल पण मिलटाऊनमध्ये जुलैत खोली मिळणार नाही.

पहिली सकाळ

सगळा निकाल इथे लागतो. वर्ग बहुधा तिथल्या एखाद्या शाळेत किंवा हॉलमध्ये, गोलात खुर्च्या. वीस मिनिटं लवकर जा आणि जागा धरा, पण टीचरच्या शेजारची नको. टीचर उजव्या हाताने बो धरणार, म्हणजे तुम्ही त्याच्यासमोर, किंचित त्याच्या उजव्या अंगाला बसलात की कोपर, मनगट आणि तारेवरचा बो तिन्ही एका नजरेत येतात. डाव्या बाजूला बसलात तर दिवसभर फिडलची पाठ बघाल.

पुष्कळ टीचर सुरुवातीला प्रत्येकाला एकेक ट्यून वाजवायला सांगतात. घाबरू नका, ती परीक्षा नसते, कोण कुठे आहे ते त्यांना बघायचं असतं. तुमची सगळ्यात अवघड रील काढू नका, तर सगळ्यात पाठ असलेली जिग शांतपणे वाजवा. आणि तुमची पाळी झाली की कान तिकडेच ठेवा, इतर जण कसे वाजवतात ते ऐका, कारण वर्ग म्हणजे नुसता टीचर नव्हे, बाकीची पंधरा माणसं पण, आणि सगळे तुमच्यापेक्षा दुप्पट वेगात असतील तर टीचर देव असला तरी तुमचा आठवडा वाया.

आता पुढचा तास-दीड तास काय तपासायचं ते नीट सांगतो.

ट्यून आधी पूर्ण वाजवून दाखवतो का? दोनदा-तीनदा? आकार कानात बसायच्या आधी तुकडे पाडायला लागला तर पुढे जोडताना त्रास होतो.

तुकडा केवढा देतो? दोन बार ठीक. चार बार एकदम देऊन "ओके?" म्हणणारा टीचर वरच्या वर्गासाठी ठीक आहे, तुम्ही नवे असाल तर नाही.

तोच तुकडा दुसऱ्यांदा वाजवताना तसाच वाजवतो का? हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. या संगीतात चांगला वादक एकच ओळ सलग दोनदा सारखी वाजवत नाही, तीच तर मजा आहे. पण शिकवताना एक रूप धरून ठेवायला लागतं, ते पक्कं झालं की मग बदल दाखवायचे. दर वेळी नवीनच काहीतरी वाजवून "साधारण असं" म्हणणारा माणूस मैफलीत ऐकावा, वर्गात त्याच्यासमोर तुम्ही नुसते गांगरून जाता.

आणि बोबद्दल विचारा. म्हणजे हात वर करून सरळ प्रश्न टाका: "या तिसऱ्या बारमध्ये कुठले सूर एका ओढीत घेताय?" यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. एक, "जसं येईल तसं घ्या." दुसरं, बोलता बोलता थांबून स्वतःच्या हाताकडे बघणं, दोनदा वाजवून बघणं, मग "अरे हो, मी शेवटचे दोन जोडतोय आणि पुढच्या बारमध्ये उतरत्या बोने शिरतोय, म्हणून ठोका तिथे बसतोय." तिसरं, कागदावर छापल्यासारखं तयार उत्तर. मला विचाराल तर दुसरा माणूस धरा. पहिल्याला स्वतःचं कळत नाही किंवा सांगायचं नाही. तिसरा वाईट नसतो, पण कधीकधी त्याचे नियम इतके पक्के असतात की आठवड्याअखेर सगळा वर्ग एकाच साच्यातून निघाल्यासारखा वाजवतो.

ट्रिपलेटचं पण असंच. बोने झटकन मारलेले तीन सूर, ऐकायला खर्रकन काहीतरी वाजल्यासारखं. वर्गातल्या कुणीतरी कसं करायचं विचारेलच, नाहीतर तुम्ही विचारा. नुसतं वेगात करून दाखवलं आणि "प्रॅक्टिस" म्हणाला तर काही हाती लागत नाही. बोचा कुठला भाग वापरायचा, बोटांची पकड किती सैल, किती कमी बो लागतो (अगदी बोटभर पण नाही), तिसरा सूर कुठल्या दिशेला संपतो, हे जो सांगतो, आणि उठून तुमच्याजवळ येऊन तुमचं मनगट बघतो, तो टीचर. खुर्चीवरून तीन तास न हललेला टीचर तुमचा हात बघतच नाहीये, तो तुम्हाला ट्यून देतोय, आणि ट्यून तर घरी पण मिळाली असती.

किती ट्यून झाल्या हे मोजू नका. तीन तासांत एक-दोन ट्यून म्हणजे बरोबर चाललंय. चार-पाच देणारे वर्ग लोकांना पैसा वसूल वाटतात, पण दुसऱ्या दिवशी विचारा किती आठवतायत.

हिंदुस्थानी व्हायोलिन वाजवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

व्ही. जी. जोग, डी. के. दातार, गोव्याचे श्रीधर पार्सेकर अशी आपली मोठी परंपरा, आणि त्या वाटेने आलेल्या माणसाचे कान तयार असतात, ऐकून उचलणं हा तर आपला रोजचा भाग. अडचण वेगळीकडे येते. एक म्हणजे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवायची सवय, इथे खुर्चीवर खांद्याला लावून, त्यात डाव्या हाताचा आधार बदलतो, तो बदल वर्कशॉपच्या महिना-दोन महिने आधीच घरी करून घ्या. तारा जी, डी, ए, ई अशाच लावायच्या, आपल्या सा-प वर नाही. दुसरं म्हणजे गायकी अंगात बो लांब, पूर्ण, गाणाऱ्याच्या श्वासासारखा चालतो, आणि इथे मधल्या-वरच्या भागात आखूड बो आणि ठोक्याला जोर. हेच मोडायला वेळ लागतो. म्हणून तुम्ही पूर्व क्लेअरच्या गोड सुरावर भाळला असलात तरी पहिल्या वर्षी डोनेगल किंवा श्लीव लुआक्राचा टीचर घ्या असं मी सांगेन, लोकांना पटत नाही पण.

तिसरी गोष्ट, टीचर सूर "बी, ए, जी" असे अक्षरांनी बोलतो. त्याचं मनात सरगम करत बसलात तर मागे पडाल, कारण सा दर ट्यूनला बदलतो. अक्षरं पाठ करा. मात्र ट्यूनचा पोत ओळखायला आपलं ज्ञान भारी उपयोगी पडतं (मेजर, मिक्सोलिडियन, डोरियन ही तिकडची थाटांसारखी नावं): डी मेजरची ट्यून म्हणजे बिलावलचे सूर, डी मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, ई किंवा ए डोरियन म्हणजे काफी. पुष्कळशा ट्यून यातच बसतात. फक्त सूर तेच म्हणून रागासारखं आळवायला जाऊ नका, टीचर हसेल.

गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशनवर व्हायोलिन शिकलेल्यांचं, आणि इकडे स्टाफ नोटेशन वाचून शिकलेल्या आपल्या पोरांचं नेमकं उलटं असतं, बो आणि पकड ठीक, पण समोरचा कागद काढून घेतला की हात थांबतो. त्यांनी असा टीचर बघावा जो ट्यून कानाने शिकवतो आणि तास संपल्यावर अक्षरांत लिहून देतो. आधी लिहून देणारा नको.

पोरांसाठी एवढंच: वय बघून वर्ग असेल तर त्यातच घाला, मोठ्यांच्या अ‍ॅडव्हान्स्ड वर्गात हुशार पोर म्हणून घुसवू नका. आणि आईबाबांनी वर्गाबाहेर जावं, प्लीज.

बदलायचं असेल तर

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं. नसेल जमत तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसात जाऊन विचारा. जायच्या आधी टीचरला सांगा, "वर्ग माझ्यासाठी जरा वेगाचा आहे, मी खालच्या गटात बघतो." कुणी मनाला लावून घेत नाही. न सांगता खुर्ची रिकामी ठेवून जाणं मात्र वाईट दिसतं, आणि गाव छोटं आहे, रात्री तोच माणूस पबात शेजारी बसलेला असतो. दुसऱ्या दिवसानंतर बदलू नका, रोज नवीन टीचर चाखत फिरणारे लोक असतात, त्यांच्याकडे शेवटी सहा जणांचे सहा तुकडे होतात आणि हात आहे तसाच राहतो.

कुणाकडेच जागा नसेल तर एक जुगाड आहे. संध्याकाळी सेशनमध्ये तुम्हाला हवा तो टीचर वाजवत असेल तिथे जा, वाद्य पेटीतच राहू द्या, त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला उभं राहायला जागा शोधा आणि दोन तास फक्त बो बघा. ट्यून ओळखायच्या मागे लागू नका. मध्ये घुसून "मला हे शिकवा" म्हणू नका, त्याची ती करमणुकीची वेळ आहे. पेला रिकामा झाल्यावर दोन शब्द बोललात तर चालतं.

आठवडा संपताना

शेवटच्या दिवशी बहुतेक टीचर सगळ्या ट्यून परत सावकाश वाजवून देतात. तेव्हा परवानगी विचारून व्हिडिओ घ्या, फोन स्टँडवर, आडवा, आणि फ्रेममध्ये चेहरा नाही आला तरी चालेल पण कोपरापासून बोच्या टोकापर्यंत सगळं यायला पाहिजे. एक टेक सावकाश, एक नेहमीच्या वेगात. ऑनलाइन शिकवता का, हे तिथेच विचारून घ्या, पुष्कळ जण शिकवतात. तो व्हिडिओ कुठेही पोस्ट करायचा नाही हे सांगायला नको. आणि घरी गेल्यावर पहिल्याच रविवारी आरशासमोर बसून तुमच्या हाताशी ताडून बघा, कारण पंधरा दिवसांनी ट्यून आठवते, हात आठवत नाही.